मुळाची विश्रांती

सोमवारी सकाळी मूळ थांबलंच नाही.

सत्ताविसावं मिनिट आलं आणि गेलं. अठ्ठाविसावं आलं. बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलून घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्यावर उमटत जाणाऱ्या आलेखाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. दोघांपैकी कुणीतरी एक थापा मारत होतं. मोहरीपेक्षाही बारीक बीजातून निघालेलं ते केसाएवढं मूळ मात्र आपल्याच तंद्रीत काचेवर पुढे पुढे वाढत होतं आणि त्याची रेघ पडद्यावर तिरकी, एकसंध चढत होती. थांबणं नाही, थांबल्यानंतरची झेप नाही. बावीस वर्षांपूर्वी बाईंनी जगाला सांगितलं होतं की वाढणारं मूळ दर सत्तावीस मिनिटांनी चार मिनिटं विसावतं आणि मग एक छोटी झेप घेऊन राहिलेली वाट भरून काढतं. जगानं ते फार मनावर घेतलं होतं असं नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकात त्यावर दोन ओळी होत्या, शेजारी त्यांच्या आलेखाचं काडेपेटीएवढं चित्र होतं, आणि परिषदांमध्ये लोक ‘त्या विश्रांतीवाल्या बाई’ म्हणून त्यांची ओळख करून देत. एका माणसाच्या आयुष्याला एवढं पुष्कळ झालं, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाईंनी दुसरं बीज घेतलं, तिसरं घेतलं. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा पडद्यावर एकाखाली एक पाच सरळ रेघा होत्या.

पहिला राग निघाला तो नव्या प्रयोगशाळेवर. साहजिकच होतं. चाकांवरची टेबलं, बाजारासारखी वर्दळ, इथे माणसाला विसावा नाही तर मुळाला कुठला! पण असं मनात म्हणतानाच आपण अन्याय करतोय हे त्यांना कळत होतं. खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे बाई या हॉलच्या प्रेमात पडल्या होत्या, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून येता-जाता कुरकुरत होत्या. आठ महिन्यांपूर्वी इथे एक अंधारा बोळ होता. त्याच्या दोन्ही बाजूंना नऊ खोल्या, नऊ दारं, नऊ कुलपं. प्रत्येक खोलीत तेच तेच यंत्र आणि त्यावर ‘कृपया हात लावू नये’ अशी चिठ्ठी. आता भिंती गेल्या होत्या. टेबलांना चाकं होती आणि चाकांना खटके होते; खटका पायानं दाबला की टेबल जमिनीला घट्ट, उचलला की एका बोटानं ढकलावं. विजेच्या तारा आणि हवेच्या नळ्या छतापासून वेटोळी घालून लोंबत होत्या, ज्याला जिथे हव्यात तिथे त्यानं ओढून घ्याव्यात. सकाळी तिघांनी टेबलं जोडून एक केलं, दुपारी मोडून पुन्हा तीन केली, असं रोज चालायचं. खिडकीतला उजेड हॉलच्या पार मध्यापर्यंत येत होता. मधल्या खोलीत वीस वर्षं दिव्याखाली काढलेले एक प्राध्यापक पहिल्या दिवशी तो उजेड हातावर घेऊन नुसते उभे राहिले होते. बाईंनी ते पाहिलं होतं.

हे सगळं जिनं घडवलं तिला सगळे टेपवाली म्हणत, कारण तिच्या कमरेला कायम मोजायची टेप लटकलेली असे. विद्यापीठानं तिला आराखडा काढायला नेमलं आणि तिनं पहिले पंधरा दिवस आराखड्याला हातच लावला नाही. बोळात स्टूल टाकून ती नुसती बसून राहिली. कोण कुठून निघतं, कुठे रेंगाळतं, कुणापाशी थबकतं, हे ती टिंबं काढून टिपायची. बोलणं नाही ऐकायची, फक्त बोलण्याची जागा पाहायची. सोळाव्या दिवशी तिनं नऊही प्राध्यापकांना गोळा केलं आणि टिंबांचा कागद पुढे ठेवला. कामाबद्दलचं सगळं खरं बोलणं काचेची भांडी धुवायच्या बेसिनपाशी होत होतं. “तुमची प्रयोगशाळा खोल्यांत नाहीच आहे,” ती म्हणाली, “ती बेसिनपाशी आहे. मी बेसिन मधोमध आणते आणि बाकीचं त्याच्याभोवती मांडते. चालेल?” नऊ विद्वानांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. बाईंना ती तेव्हाच आवडली होती, पण लगेच कबूल करतील तर त्या बाई कसल्या. नंतर ती बाईंच्या खोलीत आली, खाली वाकून टेबलाची कड न्याहाळली आणि म्हणाली, “हे भिंतीत का गाडलंय?”

“हलू नये म्हणून.”

“आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे?”

“पलीकडच्याशी मला काय करायचंय? माझं मूळ इकडे आहे.”

वहीत एक टिंब काढून टेपवाली पुढच्या खोलीत गेली. सोमवारी दुपारी पाच सरळ रेघांसमोर बसल्या बसल्या बाईंना आपलं ते उत्तर आठवलं आणि कानशिलं तापली. कारण गाडलेलं टेबल म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता. हाताच्या चार बोटांएवढी जाड काळ्या दगडाची फरशी, भिंतीतून काढलेल्या दोन लोखंडी सळयांवर बसवलेली. सदतिसाव्या वर्षी अर्जांवर अर्ज करून, कारकुनापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांचं डोकं खाऊन त्यांनी ते मिळवलं होतं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्यावरचा पाण्याचा थेंब हलत नसे. प्रयोगाची खात्री करण्यासाठी बाईंनी बियाणं बदलून पाहिलं होतं, दिवा बदलला होता, मायक्रोस्कोपसुद्धा दोनदा बदलला होता. टेबल बदलायचं कधी मनात आलं नाही, कारण त्या साऱ्या खोलीत विश्वास ठेवावा अशी तीच एक वस्तू होती. भिंत पाडली त्या दिवशी त्या डोक्यावर शिरस्त्राण चढवून मुद्दाम उभ्या राहिल्या होत्या, घरातलं माणूस इस्पितळात असताना आपण राहतो तशा. गवंड्यानं शेवटच्या विटा काढल्या आणि म्हणाला, “बाई, या सळया आरपार गेल्यात की! तिकडे वीतभर बाहेर आल्यात. कुणी पाहिलंच नाही का कधी?” पलीकडच्या बाजूला सळयांभोवती भिंतीवर दाराएवढा तपकिरी डाग पडला होता, आणि बाईंनी ‘काय ही अस्वच्छता’ म्हणून नाक मुरडलं होतं.

दाराएवढा डाग. बाई उठल्या. हॉलच्या टोकाला, भंगारात जायची वाट पाहत, शेजारच्या सरांचा जुना फ्रीजर उभा होता. सर तळ्यांच्या तळाच्या गाळातले सूक्ष्म जीव साठवत, उणे ऐंशी अंशांवर, म्हणून सगळे त्यांना गारठासर म्हणत, आणि तेही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देत. नव्या फ्रीजरमध्ये नमुने हलवेपर्यंत या म्हाताऱ्याला चालू ठेवलं होतं. बाई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आधी काहीच झालं नाही. मग आतून घरघर उठली आणि मागच्या जाळीतून गरम हवेचा झोत त्यांच्या पोटावर आला. त्यांनी घड्याळात पाहिलं. झोत थांबला. त्या तशाच उभ्या राहिल्या, कुणीतरी “काही हरवलंय का, बाई?” म्हणून विचारून गेलं, त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा घरघर झाली तेव्हा काटा कुठे असणार हे त्यांना न पाहताच ठाऊक होतं. तरी पाहिलं. सत्तावीस मिनिटं.

लोखंड तापतं आणि वाढतं, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. वीतभर बाहेर आलेली टोकं त्या झोतात तापत, सळया केसाच्या कितव्या तरी भागाएवढ्या लांब होत, वेगळ्या स्टँडवरच्या मायक्रोस्कोपखालून फरशी तेवढी सरकवत, आणि मुळाच्या वाढीची दिशा नेमकी उलट असल्यामुळे वाढणारं मूळ काचेखाली थांबल्यासारखं दिसे. हवा बंद झाली की सळया आखडत, आणि मूळ झेप घेई. बावीस वर्षं बाई एका फ्रीजरचा श्वास मोजत बसल्या होत्या. त्यांना हसू फुटलं, अगदी मोठ्यानं, आणि मग त्या जवळच्या टेबलाला टेकल्या. खटका लावलेला नव्हता. टेबल हळूच सरकलं आणि त्यांना घेऊन चार पावलं गेलं.

त्यांनी गारठासरांना सगळं सांगितलं तेव्हा सर चष्मा काढून पुसू लागले. बावीस वर्षं दोघं चार हातांच्या अंतरावर काम करत होते आणि जिन्यात भेटल्यावर ‘काय, बरंय ना?’ यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. “सांगायचं तरी कुणी कुणाला,” सर म्हणाले, “मला तुमचं टेबल माहीत नाही, तुम्हाला माझा म्हातारा माहीत नाही.” मग एकदम अंगात वारं शिरल्यासारखे उठले. “पण नुसत्या तर्कावर कसं सोडायचं? करून बघू या.” मंगळवारी सकाळी जे झालं ते पाहून बाईंना टेपवालीचे हात हातात घ्यावेसे वाटले. जुनी फरशी आणि सळया अंगणात पडल्या होत्या, त्या सहा जणांनी उचलून आणल्या. दोन टेबलं जोडली, खटके दाबले, फरशी सळयांवर चढली, म्हातारा ढकलत आणून त्याची पाठ सळयांच्या टोकांना लावली, छतावरून तारा ओढल्या. जुन्या इमारतीत एवढ्यासाठी सहा महिने अर्ज फिरले असते. इथे अकरा वाजता मूळ काचेखाली होतं, बेसिनपाशी भांडी धुणारेही हात पुसत येऊन उभे राहिले होते, आणि बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रयोग बघायला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गर्दी जमली होती. घरघर झाली. पडद्यावरची रेघ आडवी झाली. चार मिनिटं. मग झेप. एकानं बाईंच्या मागे खुर्ची आणून ठेवली.

गर्दी पांगल्यावर गारठासर हळू आवाजात म्हणाले, “बाई, एक सांगू? म्हातारा गुरुवारी भंगारात जाणार. सळयाही जातील. इथली माणसं आपली आहेत. दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त. त्या दोन ओळींनी कुणाचं काय बिघडलंय?” हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की बाईंना त्यांचा राग येईना. संध्याकाळी घरी पोचताच त्यांनी नवऱ्याला सांगितलं. या घरात ती चार मिनिटं पाहुण्यासारखी नव्हे, घरच्यासारखी राहत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या त्या तीन वर्षांत बाई कामावरून आल्या की कुलूप उघडण्याआधी जिन्याच्या पायरीवर चार मिनिटं बसत. मुळाला चालतं तर मला का नाही, असं म्हणत. मुलगी लहान असताना अभ्यासातून उठायला ‘मी मूळ झालेय’ हे कारण सांगायची. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, कढत कॉफीचा कप पुढे केला आणि म्हणाला, “म्हणजे ते बिचारं कधी थांबतच नव्हतं?” “नाही.” “आणि आपण त्याच्या नावावर बावीस वर्षं बसलो!” तो हसला, बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. नवऱ्याला वाटलं शोध गेला म्हणून. तसं नव्हतं. सर म्हणाले होते, कुणाचं काय बिघडलंय. दिवसभर बाई तोच प्रश्न चुकवत होत्या, कारण त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी होती. बुटकी, अबोल, नखं कायम मातीनं भरलेली. दगडी टेबलावर बाईंचा स्वतःचा प्रयोग असल्यामुळे तिला खिडकीखालचं लाकडी टेबल मिळालं, डुगडुगणारं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. विश्रांतीच्या वेळी मुळाच्या आत काय घडतं ते तिनं शोधायचं होतं, पण तिच्या टेबलावर मूळ विसावायलाच तयार नव्हतं. तिचा पहिला आलेख सरळ आला. बाई म्हणाल्या, पुन्हा कर. दुसरा सरळ आला. पुन्हा कर. बाकीची मुलं तिला सरळरेघ म्हणू लागली आणि बाईंनी ते हसण्यावारी नेलं. सातव्या खेपेला ती आलेख घेऊन दारात उभी राहिली. बाईंना दुसऱ्या दिवशी परिषदेला निघायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या म्हणाल्या, “टेबल डुगडुगतं हे मला मान्य आहे. पण तुझा हातही थरथरतो. या कामाला हात लागतो, तो सगळ्यांना नसतो.” महिन्याभरात ती प्रबंध अर्धवट टाकून निघून गेली. कुठल्याशा बियाणे तपासणी केंद्रात लागली असं कळलं. बाईंना वाईट वाटलं होतं, पण ते एखाद्याच्या वाट्याला कमी आलं की वाटतं तसं, वरून. आता त्यांनी जुन्या संगणकातून ते सात आलेख शोधून काढले आणि बुधवारची सारी सकाळ त्यांच्यापुढे घालवली. काय रेघा होत्या! डुगडुगत्या टेबलावर, खिडकीच्या वाऱ्यात, तिनं दर अर्ध्या मिनिटाला हातानं घेतलेली मापं, आणि त्यांत एकही टिंब रेघेबाहेर गेलेलं नव्हतं. बाईंनी स्वतःच्या उमेदीच्या काळातही इतकं स्वच्छ काम केलं नव्हतं. तिनं सात वेळा खरं सांगितलं होतं. आठव्यांदा सांगायला ती उरली नव्हती.

दुपारी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं. शोध मागे घेत आहे, कारण असं असं. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला लिहिलं. शुक्रवारच्या सभेच्या फळ्यावर आपलं नाव आणि पुढे ‘एका चुकीबद्दल’ असं लिहिलं. गारठासर फळ्यासमोर उभे राहून ते वाचत होते. त्यांनी खडू घेतला आणि खाली स्वतःचंही नाव घातलं, ‘फ्रीजर माझा’ असं. एवढं सगळं तासाभरात उरकलं. उरला तो एक फोन, आणि त्याला बाईंना गुरुवारची दुपार लागली.

हॉलच्या कडेला टेपवालीनं फोनसाठी काचेच्या दोन खोल्या ठेवल्या होत्या, एक माणूस उभा राहील एवढ्या. ‘सगळंच काही सगळ्यांसमोर बोलता येत नाही,’ असं ती म्हणाली होती. बाई आत गेल्या, दार ओढून घेतलं. काचेपलीकडे माणसं टेबलं ढकलत होती, कुणी कुणाच्या खांद्यावरून डोकावत होतं, आवाज मात्र येत नव्हता. नंबर त्या बियाणे तपासणी केंद्राचाच होता. बाईंनी मनात केवढं तरी भाषण रचलं होतं.

“बोला, बाई.” नुसत्या ‘हॅलो’वरून त्या विद्यार्थिनीनं आवाज ओळखला होता.

भाषण पार पुसलं गेलं. “तुझ्या रेघा बरोबर होत्या,” बाई म्हणाल्या.

“कुठल्या रेघा?”

“सगळ्या. सातही.”

पलीकडे कुणीतरी ट्रे मागितला, कुणीतरी दिला. मग बाईंनी सांगितलं. सळया, भिंत, फ्रीजर, सत्तावीस मिनिटं. स्वतःची बाजू सावरणारं एक वाक्य दोनदा ओठांवर आलं, दोनदा त्यांनी गिळलं. “मूळ थांबत नाही. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. आणि तुझ्या हाताबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं. तुझ्यासारखा हात मी पाहिलेला नाही, ना आधी, ना नंतर. मला माफ कर असं म्हणायचाही मला अधिकार नाही, पण म्हणते.”

“बाई,” ती म्हणाली, “मी इथे बिया मोजते. शंभर-शंभरच्या, चिमट्यानं, एकेक. उगवतात किती ते बघायचं असतं. आणि अकरा वर्षं मी उजव्या मनगटाखाली डावा हात धरून मोजते. थरथरू नये म्हणून. इथल्या मुलींना वाटतं तीच पद्धत आहे. त्याही तशाच धरतात.”

बाईंनी काचेला हात टेकवला.

“थांबा हं जरा,” ती म्हणाली. “फोन ठेवू नका.”

तिनं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आला. मग पत्र्याच्या ताटलीत एक बी पडलं, टक्. दुसरं पडलं. तिसऱ्या-चौथ्यात थोडं अंतर गेलं, मग आवाज एका लयीत येऊ लागला, ना पुढे, ना मागे. बाई डोळे मिटून तिच्याबरोबर मोजत राहिल्या. चाळीसच्या सुमाराला कुणीतरी काचेवर टकटक केलं, त्यांनी नकारार्थी बोट हलवलं. सत्तर झाल्या. ऐंशी झाल्या. कुठेही थांबणं नव्हतं. शेवटची पडली आणि फोन उचलला गेला.

“शंभर,” ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण ती हसत होती. “एका हातानं, बाई.”

“मी मोजल्या,” बाई म्हणाल्या. “शंभरच.”